घोटीचा ठिपका

शेखर निमसे गुरुजींना शाळेतली मुलं मागून 'खिडकी' म्हणत. गुरुजींना हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मुख्याध्यापक झाला की माणूस खुर्चीत बसतो. गुरुजी व्हरांड्यात उभे राहिले. चपला हातात, श्वास रोखलेला, आणि एक डोळा वर्गाच्या खिडकीच्या गजाशी. आत पाढे चाललेले असत, मागच्या बाकावर कुणी चिंच चोखत असे, कुणी शेजाऱ्याच्या वहीत बैल काढत असे. हे सगळं गुरुजी पोटभर बघत आणि न रागावता पुढच्या खिडकीकडे सरकत.

"वर्ग नकळत बघावा," ते नव्या शिक्षकांना सांगत. "कळून बघितला की तो वर्ग राहत नाही, त्याचं स्नेहसंमेलन होतं."

निवृत्तीनंतर खिडक्याच संपल्या. इंदिरानगरच्या फ्लॅटला गॅलरी होती, पण गॅलरीतून दिसून दिसून काय दिसणार? तरी गुरुजींनी प्रयत्न सोडले नाहीत.

"समोरच्या सानपांकडे आज काय शिजतंय, हे बघून तुम्हाला काय मिळतं हो?" मंदाकिनीबाई आतून विचारत.

"गवार आहे," गुरुजी सांगत.

"भाजी नाही विचारली मी!"

अशा माणसाला वेबसाइट काढायची बुद्धी झाली, ती मात्र या खोडीपायी नव्हे. त्यामागे चांगली गोष्ट होती. नोकरीची बरीच वर्षं दिंडोरी आणि इगतपुरी तालुक्यात गेली होती, आणि तिथं गुरुजींनी एक बघून ठेवलं होतं. वाचता न येणारी मोठी माणसं 'मला वाचता येत नाही' असं कधीच म्हणत नाहीत. 'चष्मा घरी राहिला' म्हणतात. 'अक्षर लय बारीक हाय' म्हणतात. 'तूच वाच बाबा, तुझा आवाज खणखणीत हाय' म्हणतात. अशांसाठी गुरुजींनी एकदा संध्याकाळचा वर्ग काढला होता. माणसं यायची, पण मागच्या गल्लीनं. रस्त्यावरून ओळखीचं कुणी जाताना दिसलं की पाटी सतरंजीखाली सरकवून 'गुरुजींकडं पाणी प्यायला आलतो' म्हणत उठायची. एवढं तहानलेलं गाव जिल्ह्यात दुसरं नसेल. वर्ग लवकरच बंद पडला. त्या माणसांना अक्षरांची भीती नव्हती. आपण शिकताना कुणी बघेल, याची होती.

निवृत्तीनंतर गुरुजींच्या डोक्यात आलं, की आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. माणसानं एकट्यानं, कोपऱ्यात बसून, कानाला लावून शिकावं. कॉलेज रोडवर केकच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हर्षल नावाचा तरुण वेबसाइटी बनवून देत असे. त्याच्याकडून गुरुजींनी 'मोठ्यांची पाटी' तयार करून घेतली. ज्याला वाचता येत नाही तो वेबसाइटचा पत्ता काय टाइप करणार? पण भाजीवाल्याला पैसे देताना चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर फोन धरायचं आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. गुरुजींनी तशी चित्रं छापून घेतली आणि जिल्ह्यातल्या बसस्टँडांवर, आठवडे बाजारात, पिठाच्या गिरण्यांवर स्वतः फिरून चिकटवली. फोन धरला की पाटी उघडायची. पहिल्या पानावर एकही अक्षर नव्हतं. नुसतं पाटीचं चित्र. त्यावर बोट ठेवलं की गुरुजींचा आवाज यायचा:

"या. बसा. इथं तुम्हाला कोणी पाहत नाही. चुकलं तरी कोणी हसत नाही. सावकाश चालू."

हे वाक्य स्वयंपाकघरात पंखा बंद करून रेकॉर्ड केलं होतं. दोनदा कुकरची शिट्टी मध्ये आली, म्हणून तिसऱ्यांदा मंदाकिनीबाईंनी डाळ तशीच अर्धकच्ची उतरवली. असा त्याग त्या वाक्यामागे होता.

पाटी सुरू झाली आणि गुरुजी बेचैन झाले. शिकवतोय, पण समोर कोण आहे?

"हर्षल, मी रिकाम्या वर्गात तर शिकवत नाही ना रे?"

"सर, ॲनालिटिक्स टाकून देतो," हर्षल म्हणाला. "सगळे टाकतात. फुकट आहे. वेबसाइटवर कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, कुठला फोन, किती वेळ थांबलं, सगळं कळतं. त्यांना पत्ताही लागत नाही. खिडकीच समजा एक."

हर्षलला बिचाऱ्याला गुरुजींचं शाळेतलं नाव माहीत नव्हतं. पण तो शब्द ऐकताच गुरुजींचा चेहरा असा उजळला, की खालच्या दुकानातल्या मेणबत्त्या फिक्या पडाव्यात.

"फक्त परवानगीची एक पट्टी टाकावी लागेल," हर्षल म्हणाला. "आम्ही तुमची माहिती गोळा करतो, मान्य आहे का, वगैरे. खाली हिरवं बटण."

गुरुजींनी पट्टीवरचा मजकूर घरी नेला, लाल पेनानं त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, एक वाक्य कर्मणीतून कर्तरीत आणलं आणि समाधानानं परत पाठवला. हा मजकूर वाचणार कोण, हा प्रश्न त्यांना शिवलासुद्धा नाही.

मग नकाशा उघडला. नाशिक जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर निळे ठिपके. नाशकात मोठा ठिपका, मालेगावात मध्यम, देवळाली कॅम्पला दोन-तीन दाणे, दिंडोरीला मूठभर. गुरुजींना व्हरांडा परत मिळाला. सकाळी चहाबरोबर ते वर्गांवरून फेरी मारून यायला लागले. त्याचा उपयोगही झाला, तो नाकारता येणार नाही. जोडाक्षरांच्या धड्यावर सगळेच ठिपके अडखळून बाहेर पडतात हे त्यांनी टिपलं, त्या धड्याचे तीन सोपे तुकडे केले, आणि माणसं थांबायला लागली. त्या दिवशी गुरुजींनी मंदाकिनीबाईंना पेढे आणले.

पण या सगळ्यात त्यांचा जीव जडला तो एका ठिपक्यावर. घोटीच्या.

घोटीत एकच ठिपका होता. तो दुपारी यायचा, बाजार सुस्तावतो त्या वेळी. अक्षरं संपवून तो बाराखडीत शिरला, बाराखडीतून शब्दांत. एखादा धडा जमला नाही तर पुन्हा पुन्हा उघडायचा. चिकाटी अशी, की शाळेतल्या वर्गात एवढी असती तर गुरुजींनी त्याला मॉनिटर केलं असतं. आणि त्याचा फोन होता घडीचा, पुस्तकासारखा उघडमीट होणारा, चांगला महागाचा.

"आली का तुमची घोटी?" मंदाकिनीबाई दुपारी विचारायच्या, एखादी भाची कॉलेजातून यायची असावी तशा.

"आली. आज 'भाकर' वाचतेय."

"वाचतेय? बाई आहे की बुवा, ते कुठं माहीत आहे?" मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही बघताय हे त्या माणसाला माहीत आहे का?"

"नाव कुठं दिसतंय मला? नुसता ठिपका आहे," गुरुजी म्हणाले.

हे ते मनापासून म्हणाले, हीच तर गोची. मुंबईत ठिपका म्हणजे कोणी नाही. घोटीत ठिपका म्हणजे माणूस.

त्या महिन्यात इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं गुरुजींचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि काचेची एक ट्रॉफी, जिच्यात बघितलं की आपलंच नाक फुगलेलं दिसतं. हॉल भरलेला होता. जुने विद्यार्थीही आले होते. घोटीच्या बाजारात भांड्यांचं दुकान टाकलेला सहादू स्टीलचा डबा भेट घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. पडद्यावर नकाशा लावला होता. गुरुजी माइकपाशी आले आणि त्यांना व्हरांड्यातला वारा लागला.

मालेगाव झालं, दिंडोरी झाली. लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांची सवय नसलेल्या माणसाला दुसरी टाळी पहिलीपेक्षा मोठी हवी असते.

"आणि हा बघा," गुरुजी म्हणाले, "हा माझा सगळ्यांत लाडका विद्यार्थी. घोटीचा. घोटीत हा एकटाच. रोज दुपारी, दुकानं निवांत असतात तेव्हा, गुपचूप येतो. अक्षरं संपली, आता शब्द चाललेत. आणि बरं का, गरीब नाही हो! फोन केवढ्याचा? तो घडीचा, पुस्तकासारखा उघडतो ना, तो! म्हणजे लक्ष्मी आधी आली, सरस्वती आत्ता येतेय."

हॉल हसला. गुरुजीही हसले. आणि सहादू आनंदाच्या भरात उभाच राहिला.

"अहो गुरुजी, घडीचा फोन घोटीच्या बाजारात एकीकडंच हाय! आमच्या समोरच्या चतुराबाईकडं! तांदळाचं दुकान नाय का? तिच्या पोरानं हौसेनं घेऊन दिला. आयला, म्हंजी चतुराबाईला वाचाय येत नाय? आन् आम्हाला 'चष्मा राह्यला, चष्मा राह्यला' म्हणून सगळी बिलं वाचाय लावती व्हय!"

पुन्हा हसू. या वेळी अधिक मोठं. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. जिलेबी खाऊन आलेल्या लोकांचं ते हसू होतं. पण गुरुजींनी ते ओळखलं. पाटी सतरंजीखाली सरकवून उठणारी माणसं ज्या हसण्याला भीत होती, ते हेच. आजवर त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या माणसांना ते ऐकायला लागू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप केला होता.

"पुढच्या ठिपक्याकडे वळू," गुरुजी म्हणाले. पुढचा ठिपका कुठला होता, ते त्यांना आजही आठवत नाही.

दोन दिवसांनी सहादूचा फोन आला.

"गुरुजी, लय मजा झाली! मी बाजारात सांगितलं, तर पोरांनी चतुराबाईच्या गल्ल्यावर चष्मेच आणून ठेवले. ज्याच्या-त्याच्या घरचे जुने. म्हणली, 'घ्या मावशी, आता राह्यला म्हणू नका!' सगळा बाजार हसला."

"ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? हसली. तांदूळ मोजत ऱ्हायली."

घोटीचा ठिपका नकाशावरून गेला होता.

गुरुजींनी ट्रॉफीचं तोंड भिंतीकडे केलं. नवा धडा रेकॉर्ड करायचा राहिला. जेवताना ते घास हातात धरून बसायचे, आणि मंदाकिनीबाईंना कळायचं की हे आत्ता हॉलमध्ये आहेत, माइकपाशी. लाज ही मोठी विचित्र वस्तू. ती रात्रंदिवस डोक्यात असते असं नाही, मध्येच कांदा चिरताना येऊन टपली मारते. गुरुजींना ती दाढी करताना यायची, आरशात स्वतःशी नजरानजर झाली की. त्यातून दोनदा हनुवटी कापली.

आणि त्याहून वाईट म्हणजे, ते रोज दुपारी नकाशा उघडत होते. ठिपका आला का बघायला. चतुराबाई परत शिकायला लागली असेल तर आपला गुन्हा तेवढा हलका, असा हिशेब मनाशी चालला होता.

मंदाकिनीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अजून डोकावताय?"

"काळजी वाटते म्हणून बघतोय."

"त्या दिवशीही प्रेमापोटीच बघत होतात."

गुरुजींनी लॅपटॉप मिटला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी बायकोचा फोन घेतला आणि चौकोनी चित्रावर धरला. स्वतःच्या वर्गात ते पहिल्यांदाच दाराने शिरत होते.

पाटी उघडली, पण दिसली अर्धीच. खालून परवानगीची पट्टी वर आली होती. सहा ओळी, सगळ्या शुद्ध, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. 'आपण हे संकेतस्थळ वापरताना आम्ही आपली माहिती...' गुरुजींनी ती वाचली. मग त्यांनी डोळे किलकिले केले आणि ती न वाचता बघितली, एखाद्याला नुसते काळे किडे दिसावेत तशी. खाली हिरवं बटण होतं. हिरवं म्हणजे होय, म्हणजे पुढे, हे कुणालाही कळतं. सिग्नलनं शिकवलेलं असतं. घोटीच्या बाईनंही ते दाबलं असणार. ज्यांना वाचता येत नाही अशांकडून आपण लेखी परवानगी घेत होतो. आणि तीही लाल पेनानं तपासून.

त्यांनी बटण दाबलं. पट्टी गेली. आवाज आला:

"या. बसा. इथं तुम्हाला कोणी पाहत नाही."

"बंद करा," मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या. पण गुरुजींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. शिक्षा पूर्ण भोगायची, ही शिस्त त्यांनी मुलांना शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केकच्या दुकानाचा जिना चढून हर्षलकडे गेले.

"ती खिडकी काढून टाक."

"सर, पूर्ण काढली तर कुठला धडा चालतो, कुठला नाही, ते कळणार कसं? जोडाक्षरांचं कळलं ते त्यातूनच ना? कमी डोकावणारी साधनंही असतात. तुम्हाला हे फुकटचं चालत होतं म्हणून मी बोललो नाही." हर्षलनं लॅपटॉप वळवला. "आत्ताच्यात काय होतं, प्रत्येकाच्या फोनमध्ये एक खूण ठेवली जाते, म्हणजे तोच माणूस परत आला हे कळतं. आणि ते सगळं साठतं आपल्याकडे नाही, भलतीकडेच. हे दुसरं बघा. हे आपल्याच सर्व्हरवर बसतं. माहिती बाहेर जात नाही."

"गाव दाखवतं?"

"दाखवतं. पण बंद करता येतं."

"बंद करता येतं म्हणजे चालूही करता येतं?"

"हो, एक बटण आहे."

"मग नको," गुरुजी म्हणाले. "मी चालू करीन. पहिले आठ दिवस नाही करणार, नवव्या दिवशी करीन. मला माझी खात्री आहे."

हर्षल हसला. मग गुरुजींचा चेहरा बघून थांबला. "हे तिसरं. फोनमध्ये खूण ठेवत नाही, त्यामुळे ती परवानगीची पट्टीही लागत नाही. पण फोन कुठल्या जातीचा, ते दाखवतं."

"घडीचा की साधा?"

"...हो."

"नको."

"सर, मग तुम्हाला नेमकं हवंय काय?"

गुरुजी विचारात पडले. शाळेत दुपारी खिचडी वाटायचे दिवस त्यांना आठवले. किती शिजवायची हे ठरवायला आकडा लागतोच. "खिचडी वाटताना आपण थाळ्या मोजतो ना रे, तसं. थाळ्या किती उठल्या, ते हवं. कुणी दोनदा मागितली, कोण ताटात टाकून उठला, कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, ते वाढणाऱ्याला कळतं. पण ते वहीत लिहायचं नसतं, आणि माइकवर तर नाहीच नाही. मला नुसत्या थाळ्या पाहिजेत. कुठला धडा किती वेळा उघडला. बस."

"एवढ्यासाठी तयार साधनही आहे, अगदी साधं. गाव, फोन, माणूस, काही गोळाच करत नाही. गोळाच न केल्यावर दाखवणार काय? रोजचा आकडा मिळेल."

"रोजचा नको. रोजचा दिसला तर मी दुपार शोधत बसेन. आठवड्याचा एकदम दे."

हर्षलनं मान डोलावली. "आणि जुनं? ते पुसू ना?"

गुरुजींना मोह झाला. शेवटचं एकदा बघावं, कदाचित काल आली असेल. ते उठले, केकच्या दुकानाची पाटी दिसत होती त्या खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "पूस. झालं की सांग." आयुष्यात पहिल्यांदाच ते खिडकीशी उभे होते आणि त्यांना काहीच बघायचं नव्हतं.

रविवारी गुरुजी घोटीला निघाले. मंदाकिनीबाई पर्स घेऊन बरोबर आल्या.

"काय बोलणार आहात?" बसमध्ये त्यांनी विचारलं.

"माफी मागणार."

"कशाची?"

"तिचं गुपित फोडल्याची."

"म्हणजे चार गिऱ्हाइकांदेखत सांगणार, की बाई, त्या ठिपक्यातल्या तुम्हीच बरं का. आजवर निदान सहादूचा अंदाज होता. आता मास्तरांचा शिक्का."

माफी मागण्याचंसुद्धा सुख आपल्याला मिळणार नाही, हे लाल डब्याच्या खिडकीशी बसून गुरुजींना कळत गेलं. माफी मागितली तर हलकं होणार कोण? आपण. भार वाहणार कोण? ती. "मग कशाला चाललोय आपण?"

"तांदूळ संपलेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

चतुराबाईचं दुकान बाजाराच्या मध्यावर होतं. पोत्यांच्या थप्पी, तांदळाचा वास, आणि मध्ये गादीवर साठीची, भारी हाडाची, कपाळावर मोठं गोंदण असलेली बाई. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. गल्ल्याशेजारी चार चष्मे ओळीनं मांडलेले. आणि घडीचा फोन, मिटलेला, उलटा.

तिनं गुरुजींना कधी पाहिलं नव्हतं. गुरुजी पुढे झाले.

"इंद्रायणी आहे का? नवा असेल तर बरा."

तांदळातलं माप तिथंच थांबलं. चतुराबाईनं मान वर केली, आणि गुरुजींच्या तेव्हा लक्षात आलं: चेहरा ती ओळखत नाही, पण हा आवाज तिच्या कानात कित्येक दुपारी बसलेला आहे. 'या, बसा' म्हणणारा. ती बघत राहिली. गुरुजींना वाटलं, जमीन दुभंगली तर तांदळाच्या पोत्यासकट आत जावं.

"हाय ना," ती म्हणाली. "किती देऊ?"

"पाच किलो."

एवढ्यात समोरच्या दुकानातून सहादू धावत आला. "गुरुजी! आमच्या बाजारात! अहो चतुराबाई, हेच ते पाटीवाले गुरुजी! हेंनीच नकाशावर—"

"सहादू," गुरुजी म्हणाले. आवाज मुख्याध्यापकाचा निघाला. सहादू नकळत ताठ झाला. "तो नकाशा मी परवा तपासून घेतला. मी नाशकात घरी बसलो होतो, आणि तो मला मुंबईत दाखवत होता. दादरला. ही यंत्रं अंदाजानं ठिपके टाकतात. त्या दिवशी मी जे बोललो, त्याला काही आधार नव्हता. माणसांविषयी असं बोलायचा मला हक्कही नव्हता. चूक माझी. तू नुसता माझ्या मागून चाललास."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बायकोच्या फोनवरून दिलेली ती भेट नकाशानं दादरची दाखवल्याचं हर्षलनं जुनं पुसताना खरंच सांगितलं होतं. तरी बोलताना गुरुजींचे कान तापले. खरं बोलूनही माणूस किती थोडं बोलू शकतो, हे त्यांना कळत होतं.

"म्हंजी चतुराबाई नव्हती?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि मी विचारणार नाही. तुम्हीही विचारू नये असं मला वाटतं."

सहादूनं डोकं खाजवलं. मग हळूच हात पुढे करून गल्ल्याशेजारचे दोन चष्मे उचलून खिशात टाकले. बहुतेक त्याच्याच घरचे होते.

चतुराबाईनं तांदूळ मोजला, पिशवी बांधली आणि मंदाकिनीबाईंच्या हातात दिली. मग गुरुजींकडे न बघता, पुढच्या गिऱ्हाइकाचं पोतं उघडत म्हणाली, "काय हाय ना ताई, फोनमधी माणसं लय गोड बोलत्यात. बसा म्हणत्यात, कोनी पाहत नाय म्हणत्यात. आपुन गरीब गाय, आपल्याला खरं वाटतं."

"खरंच आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"पर आवाज चांगला असतो एकेकाचा," ती म्हणाली. "तेच वाईट."

बसमध्ये गुरुजींनी तांदळाची पिशवी नाशिक येईपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी पंखा बंद केला. मंदाकिनीबाईंनी न सांगता कुकर उतरवला. गुरुजींनी जुनं वाक्य पुसलं आणि नवं बोलायला बसले. पहिल्यांदा अर्ध्यावरच थांबून पुसलं. दुसऱ्यांदा फार शुद्ध झालं, भाषणासारखं. तिसऱ्यांदा ते असं निघालं:

"या. बसा. मी तुम्हाला सांगितलं होतं, की इथं कोणी पाहत नाही. ते खोटं होतं. मी पाहत होतो. एवढंच नाही, पाहिलेलं चारचौघांत सांगून बसलो. त्याची मला लाज वाटते. आता ते पाहायचं साधन काढून टाकलंय. तुम्ही कोण, कुठले, कधी आलात, मला कळत नाही. कुठला धडा किती वेळा उघडला, एवढा आकडा आठवड्यानं येतो. तेवढाच. चुकलं तरी कोणी हसत नाही, असंही मी म्हणालो होतो. माझ्यामुळे हसले. माफ करा. जमेल तेव्हा या. सावकाश चालू."

हर्षल म्हणाला, "सर, पहिल्याच पानावर एवढं? लोक घाबरतील."

"घाबरू देत. त्यांना खरं ऐकू दे," गुरुजी म्हणाले.

आठवड्यानं आकडे आले. शब्दांचा धडा एवढ्या वेळा, जोडाक्षरांचा एवढ्या वेळा. गुरुजींनी ते उलटसुलट वाचले, उन्हात धरून पाहावेत तसे. त्यात घोटी नव्हती, मालेगाव नव्हतं, कुणीच नव्हतं. नुसत्या थाळ्या.

"काय म्हणतात तुमचे आकडे?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"काही म्हणत नाहीत. तेच पाहिजे होतं," गुरुजी म्हणाले, आणि उगाच दोनदा चष्मा पुसला.

ट्रॉफीचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, जेव्हा एका संध्याकाळी सहादूचा फोन आला. मंदाकिनीबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"गुरुजी, खबर हाय! तुम्हाला बरं वाटंल. चतुराबाई हाय ना, काल दुपारी दुकानात—"

गुरुजींचा सगळा देह कानात गोळा झाला. काल दुपारी. दुकानात. काय? फोन उघडला? पाटी मागवली? पिशवीवरचं नाव वाचलं? एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि कित्येक दिवसांची ही टोचणी कदाचित संपली असती. किंवा बातमी दुसरीच काही असती आणि ती आणखी खोल गेली असती.

"सहादू," ते म्हणाले, "ते मला सांगू नकोस."

"अहो, चांगलंच हाय!"

"चांगलं असलं तरी. ते तिचं आहे. तुझी भांडी कशी खपतायत, ते सांग."

सहादू जरा नाराजीनंच स्टीलच्या डब्यांचं सांगू लागला. गुरुजी 'हं, हं' करत राहिले.

फोन ठेवल्यावर मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ऐकायचं होतं ना?"

"फार," गुरुजी म्हणाले.

समोर सानपांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. कसला तरी फोडणीचा वास येत होता. गुरुजी उठले, गॅलरीपर्यंत गेले, आणि पडदा ओढून परत येऊन बसले.